अखेरच्या दिवसांचे ओझे : ‘छावा’, वाचलेला आणि पाहिलेला

१ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वर येथे छत्रपती संभाजी महाराज मोगलांच्या हाती सापडले आणि ११ मार्च रोजी त्यांची हत्या झाली. हे एकोणचाळीस दिवस. त्यापूर्वीचे आयुष्य बत्तीस वर्षांना थोडे कमी. मराठी मनाने, मराठी रंगभूमीने आणि अलीकडे हिंदी पडद्याने या दोन कालखंडांची जी वाटणी केली आहे, ती पाहिली की आम्हांस नेहमी एक प्रश्न पडतो. माणसाच्या अखेरीवर इतका प्रकाश टाकला की त्याचे आयुष्य उजळते, की अंधारात जाते?

शिवाजी सावंतांची ‘छावा’ ही कादंबरी १९७९ ची. लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित त्याच नावाचा हिंदी चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला आणि त्या वर्षीच्या सर्वाधिक कमाईच्या चित्रपटांत गेला. मधल्या शेहेचाळीस वर्षांत कादंबरी वाचलेल्यांची संख्या मोठी आहे यात शंका नाही. पण चित्रपटाने काही आठवड्यांत गाठलेला प्रेक्षक ग्रंथालयाच्या कोणत्याही हिशेबात बसणारा नाही. साहित्याच्या शिक्षकाने या गोष्टीकडे नाक मुरडून पाहणे सोपे असते. ‘मूळ कादंबरी वाचा’ एवढे सांगून हात झटकणे त्याहून सोपे. आम्हांस मात्र वाटते की, कादंबरी आणि चित्रपट यांत कोण श्रेष्ठ हा वाद येथे गौण आहे. कादंबरीतील कोणता भाग पडद्याने घेतला, कोणता सोडला, आणि त्या निवडीमुळे घेतलेल्या भागाचाही अर्थ कसा बदलला, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

आधी साधनांविषयी दोन शब्द. या अखेरच्या दिवसांची माहिती देणारी समकालीन वा निकटकालीन साधने मुख्यतः फार्सी आहेत : साकी मुस्तैदखान, खाफीखान, ईश्वरदास नागर, भीमसेन सक्सेना. यांतील नोंदी थोडक्यात आहेत आणि त्या जेत्याच्या बाजूच्या आहेत. संगमेश्वरची धरपकड, बहादूरगडावर म्हणजे पेडगावला काढलेली धिंड, बादशहापुढे उभे करणे, खजिना कोठे आहे व कोणते मोगली सरदार तुम्हांला आतून सामील होते ही विचारणा, मग डोळे काढणे आणि वध. मराठी बखरींत हा प्रसंग विस्ताराने येतो. पण त्यांतील सर्वांत प्रभावी ठरलेली मल्हार रामराव चिटणीसांची बखर घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. थोडक्यात, पडद्यावर जो प्रसंग दीर्घ काळ आपल्या डोळ्यांपुढे चालतो, तो मूळ कागदांत काही ओळींचा आहे. मधली जागा कल्पनेने भरावी लागते. ती कादंबरीकारही भरतो, नाटककारही भरतो. तक्रार भरण्याविषयी नाही. कशाने भरली, एवढाच प्रश्न आहे.

चिटणीसांच्या बखरीकडे आणखी एका कारणासाठी पाहावे लागते. बखरकार बाळाजी आवजी चिटणीसांच्या वंशातला, आणि बाळाजी आवजींना १६८१ मध्ये संभाजी महाराजांनी देहान्त शिक्षा दिलेली. या बखरीतून महाराजांचे जे चित्र पुढे आले ते उतावळ्या, व्यसनी, कलशाच्या आहारी गेलेल्या राजाचे. मात्र त्यांचा अखेरचा बाणेदारपणा प्रतिकूल परंपरेलाही नाकारता आला नाही. तेथूनच एक सूत्र मराठीत रूढ झाले : जगणे बिघडले, पण मरण साधले. राम गणेश गडकऱ्यांचे अपुरे राहिलेले ‘राजसंन्यास’ याच सूत्रावर उभे आहे. विलासी राजा आणि त्याचा पश्चात्ताप ही त्या नाटकाची प्रेरणा. जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा या नाटकाच्या रागातूनच उखडण्यात आला. पुतळा उखडणे हे वाङ्मयीन मतभेदाचे उत्तर नव्हे. तरी त्या रागामागे एक खरी जाणीव होती, ती म्हणजे मरणाच्या तेजासाठी आयुष्याला काळोखे करण्याची जुनी रीत अन्यायाची आहे, ही.

ही रीत मोडण्याचे काम संशोधकांनी केले. वा. सी. बेंद्रे यांनी अनेक दशके कागदपत्रे धुंडाळून १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र सिद्ध केले. वढू बुद्रुक येथील समाधीस्थळाकडे लक्ष वेधण्याचे श्रेयही त्यांचेच. पाठोपाठ डॉ. कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ आले. या दोघांनी अखेरच्या दिवसांचे गोडवे गाण्यापेक्षा मधल्या नऊ वर्षांचा हिशेब मांडला : बुऱ्हाणपूरची स्वारी, जंजिऱ्याची मोहीम, रामशेजचा दीर्घ वेढा, पोर्तुगीजांविरुद्धचे युद्ध, बादशहाच्या बंडखोर पुत्राला दिलेला आश्रय, आणि या सगळ्यांत चाललेला राज्यकारभार. संस्कृतातील ‘बुधभूषण’ रचणारा राजा त्यांनी वाचकांपुढे ठेवला. सावंतांची कादंबरी या संशोधनाच्या खांद्यावर उभी आहे. तिची भाषा आज काहींना भरजरी वाटेल, तिच्यातील भावनेचा पूर काहींना सोसणार नाही. पण तिने एक गोष्ट निश्चित केली. ती बाळपणापासून सुरू होते आणि संगमेश्वरला पोचेपर्यंत वाचकाला या माणसाबरोबर पुष्कळ चालवते. वाटेत दिलेरखानाची छावणीही लागते.

चित्रपट सुरू होतो तो शिवछत्रपतींच्या निधनाच्या वार्तेने आणि बुऱ्हाणपूरच्या स्वारीने. म्हणजे १६८०-८१ पासून. त्याआधीची तेवीस वर्षे आठवणींच्या ओझरत्या तुकड्यांत येतात. पटकथेच्या सोयीच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे; अडीच तासांत सगळे आयुष्य मावत नाही. पण जे गाळले त्यात डिसेंबर १६७८ आहे. त्या महिन्यात युवराज संभाजी वडिलांना सोडून मोगल सरदार दिलेरखानाला मिळाले होते. जवळजवळ वर्षभर ते त्या छावणीत राहिले. भूपाळगड पडला तेव्हा ते तिकडे होते. अथणीकडच्या रयतेवर दिलेरखानाने केलेले अत्याचार त्यांनी जवळून पाहिले. आणि १६७९ च्या अखेरीस ते तेथून निसटून पन्हाळ्यावर परतले. पितापुत्रांची भेट झाली. पुढे काही महिन्यांतच, ३ एप्रिल १६८० रोजी, शिवछत्रपती गेले.

आमचे म्हणणे असे की, १६८९ चा अर्थ १६७८ शिवाय लागत नाही.

हे आम्हांस वर्गात कळले, असे म्हटले तर वावगे होणार नाही. आम्ही मुरुमला शिकवतो. उमरगा तालुक्यातील, कर्नाटकाच्या सीमेलगतचे हे गाव. वर्गात आलूर, येणेगूर, केसरजवळगा अशा गावांतून मुले येतात. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या कन्नड, कुणाच्या दखनी, तर कुणाच्या तांड्यावर गोरमाटी. शेजारी नळदुर्गचा किल्ला आहे. आदिलशाहीच्या वैभवातला हा किल्ला सतराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात मोगलांकडे आणि पुढे निजामाकडे गेला. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईत भारतीय सैन्याने सुरुवातीलाच ताबा घेतला तो याच बाजूचा. जिल्ह्याचे उस्मानाबाद हे नाव जाऊन धाराशिव झाले ते २०२३ मध्ये. अशा गावात ‘आपले’ आणि ‘परके’ यांची रेघ इतिहासाच्या तासाला सरळ ओढता येत नाही. ती बाकांच्या मधूनच जाते.

चित्रपट येऊन गेल्यावर ऐतिहासिक कादंबरी शिकवताना आम्ही फळ्यावर १६५७ पासून १६८९ पर्यंत एक आडवी रेघ ओढली आणि चित्रपट कोठे सुरू होतो तेथे खूण करायला सांगितले. खूण रेघेच्या पाऊण अंतराच्या जवळ पडली. मग डावीकडच्या मोकळ्या भागात काय काय घडले ते भरू लागलो. आग्रा आले, राज्याभिषेक आला, आणि दिलेरखान आला. वर्ग एकदम शांत झाला. एक मुलगा म्हणाला, “सर, हे नका सांगू. बाहेर कुणी ऐकलं तर म्हणतील, महाराजांची बदनामी करतात.” त्याच्या आवाजात आव्हान नव्हते. आमच्याविषयीची काळजी होती, आणि म्हणूनच ती आम्हांस अधिक बोचली. ज्या प्रसंगावर बेंद्रे-गोखल्यांनी निःसंकोच लिहिले, जो सावंतांच्या लोकप्रिय कादंबरीने लक्षावधी घरांत नेला, तो आता वर्गाच्या दाराआड हळू आवाजात बोलायचा झाला होता.

आम्ही सांगितलेच. त्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी, फारशी न बोलणारी, म्हणाली, “म्हणजे सर, महाराजांना ती वाट माहीत होती. एकदा जाऊन आले होते. पुन्हा मान वाकवली असती तर कदाचित जीव वाचला असता, हे त्यांना ठाऊक असणार. तरी नाही वाकले.”

या वाक्यात जे आहे ते अखेरच्या दृश्यांच्या कितीही दीर्घ चित्रणात येत नाही. दिलेरखानाच्या छावणीतले वर्ष माहीत असलेल्या वाचकाला पेडगावच्या धिंडीत एक निर्णय दिसतो : एकदा चुकलेला, परतलेला, नऊ वर्षे त्या परतण्याची किंमत मोजत आलेला माणूस आता शेवटची किंमत मोजतो आहे. ते वर्ष गाळले की उरते शरीराची सोसण्याची ताकद. सोसणे थोरच, परंतु सोसणारे शरीर कोणाचेही असू शकते. निर्णय मात्र त्या एकाच माणसाचा असतो, कारण त्यामागे त्याचे एकट्याचे आयुष्य असते. चित्रपटकर्त्यांनी आदरापोटीच हा भाग टाळला असेल. पण अशा आदराने मरण मोठे होते आणि माणूस लहान. जुन्या परंपरेने आयुष्य काळवंडून मरण उजळवले. नवा पडदा आयुष्य धुऊन स्वच्छ करतो आणि पुन्हा मरणच उजळवतो. दोन्हींकडे आयुष्याला स्वतःचे वजन राहत नाही.

अखेरच्या दिवसांच्या कथेचा दुसरा एक धर्म आहे. तिच्यात मारणाऱ्याला फार मोठी जागा मिळते. स्टॅन्ली वोल्पर्ट यांच्या ‘नाइन अवर्स टू रामा’ या १९६२ च्या कादंबरीवर पुढच्याच वर्षी इंग्रजी चित्रपट निघाला. विषय गांधीजींच्या आयुष्यातील शेवटचे तास. पण कथेच्या मध्यभागी येऊन बसला तो नथुराम गोडसे. भारतात दोन्हींवर बंदी आली. बंदीचे समर्थन आम्ही करणार नाही. मात्र रचनेचा हा कल ध्यानात घेण्याजोगा आहे. मरणाकडे जाणारी कथा मारणाऱ्याच्या घड्याळावर चालते. ‘छावा’तही औरंगजेबाचे पात्र क्रमाक्रमाने मोठे होत जाते, आणि अक्षय खन्ना यांच्या अभिनयाने ते लक्षात राहते. पडद्याबाहेर काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. संभाजी महाराजांवरील चित्रपटानंतर महाराष्ट्रात वाद पेटला तो खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून. १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात दंगल झाली, आणि विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या निवेदनातही या चित्रपटाचा उल्लेख आला. दंगलीची कारणे एका चित्रपटात शोधणे भाबडेपणाचे होईल. पण एवढे म्हणता येईल की, त्या दिवसांत चर्चा ‘बुधभूषणा’ची झाली नाही, रामशेजची झाली नाही, झाली ती मारणाऱ्याची.

तिसरा धर्म फितुरीचा. अखेरीला कोणीतरी घरभेदी लागतोच. चित्रपटाने ती जागा गणोजी आणि कान्होजी शिर्के यांना दिली. शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली आणि दिग्दर्शकांना खेद व्यक्त करावा लागला. कादंबरीत नावे असणे आणि पडद्यावर चेहरे असणे यांत फरक पडतो. येसूबाई शिर्क्यांच्याच घरच्या होत्या आणि गणोजींच्या घरी शिवछत्रपतींची कन्या दिलेली होती. या नात्यांचा पीळ, वतनाचा प्रश्न, शिर्के आणि कवी कलश यांचा संघर्ष, हे सारे उलगडायला कादंबरीकाराला पाने मिळतात. पडद्याला एक कटाक्ष आणि एक पार्श्वसंगीताचा सूर पुरेसा वाटतो.

हे सर्व पडद्याचे अंगभूत दोष आहेत, असे आम्ही मानत नाही. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’वर दूरदर्शनने १९८० च्या दशकात केलेली मालिका अनेकांच्या स्मरणात असेल. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने गेले, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. ही अखेरही लोकांना हलवून सोडणारी. पण भागामागून भाग पाहणाऱ्या प्रेक्षकाने तोवर त्यांचा राग, त्यांचा कारभार, काकांशी चाललेला त्यांचा दुखरा व्यवहार पाहिलेला असतो. २०१७ ते २०२० या काळात चाललेल्या ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ या मालिकेनेही दिलेरखान प्रकरणाला वेळ दिला होता. उलट ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वरून २०१५ मध्ये आलेल्या ‘बाजीराव मस्तानी’त रावेरखेडीचा ज्वर एका भव्य भासचित्रात बदलतो आणि मस्तानीचा अंत त्याच क्षणाशी जुळवला जातो. इतिहासाला जे ठरवता आलेले नाही, ते छायाचित्रण ठरवून टाकते. तेव्हा प्रश्न माध्यमाचा नसून मापाचा आहे : आयुष्याला किती वेळ आणि अखेरीला किती.

याच मापाचा आणखी एक नमुना परदेशातला. हिटलरच्या शेवटच्या दिवसांवरील ‘डेर उंटरगांग’ हा २००४ चा जर्मन चित्रपट योआखिम फेस्ट यांच्या पुस्तकावर आणि सचिव ट्राउडल युंगे यांच्या आठवणींवर आधारलेला आहे. तेथे मूळ पुस्तकाचा विषयच अखेरचे दिवस हा होता. चित्रपटाने कापाकाप केली नाही. पुढे मात्र त्यातील संतापाचे एक दृश्य महाजालावर निरनिराळ्या विनोदी मथळ्यांसह फिरत राहिले, आणि अनेकांना त्या चित्रपटाची ओळख तेवढीच राहिली. ‘छावा’चेही असेच झाले आहे. आमच्या वर्गातील कित्येकांनी चित्रपट पूर्ण पाहिलेलाच नाही; त्यांनी पाहिली ती भ्रमणध्वनीवर आलेली शेवटची काही मिनिटे. कादंबरीतून चित्रपट, चित्रपटातून तुकडा. प्रत्येक पायरीवर आयुष्य गळत गेले आणि साखळदंड तेवढे उरले.

रंगभूमीने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता, हेही विसरू नये. वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’चा विषय हीच अखेर, पण नाटकाला छळ दाखवण्याची मर्यादा होती, म्हणून भार शब्दांवर आला. प्रेक्षक डोळे न मिटता ऐकत राहिला. वाचकाला तर त्याहून मोठे स्वातंत्र्य असते. तो पुस्तक मिटून उठू शकतो, पाणी पिऊन परत येऊ शकतो, मागचे पान उलटू शकतो. अंधाऱ्या सभागृहात ही मुभा नाही. तेथे जे दिसते ते सोसावे लागते, आणि सोसल्यावर काय करावे हे कळत नाही, म्हणून कित्येक जण घोषणा देत बाहेर पडतात. त्यांच्या डोळ्यांतले पाणी खरे असते. त्या पाण्याला वाट दाखवणे हे शिक्षकाचे आणि समीक्षकाचे काम आहे, त्याची थट्टा करणे नव्हे.

शेवटी येसूबाईंविषयी. अखेरच्या दिवसांची कथा ११ मार्चला संपते. येसूबाईंची त्या दिवशी सुरू होते. रायगडाला वेढा पडण्याच्या काळात त्यांनी राजारामांना बाहेर काढून राज्य वाचवण्याचा मार्ग धरला, स्वतः लहान शाहूंसह मागे राहिल्या, आणि नोव्हेंबर १६८९ मध्ये गड पडल्यावर मोगलांच्या कैदेत गेल्या. शाहू १७०७ मध्ये सुटले. येसूबाई परतल्या १७१९ मध्ये. जवळजवळ तीस वर्षे. एकोणचाळीस दिवसांवर जे लिहिले, रंगवले, चित्रित केले गेले, त्याच्या तुलनेत या तीस वर्षांना मराठी साहित्याने दिलेली जागा किती, हे आमच्या विद्यार्थ्यांनी एकदा मोजून पाहावे अशी आमची इच्छा आहे. फळ्यावरची रेघ १६८९ ला थांबवायची नाही, असे आम्ही ठरवले आहे.